बाविसापेक्षा एकवीस बरे

कॉटन ग्रीनला वर्ष एक जानेवारीला सुरू होतं असं मानणारे थोडे, गुढीपाडव्याला मानणारे बरेच आणि एक एप्रिलला मानणारे सगळे सोसायटीच्या कमिटीवर. तात्यांचं वर्ष वरिष्ठ राष्ट्रीय कॅरम स्पर्धेच्या अंतिम सामन्यातली शेवटची सोंगटी पडली की संपतं आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना नवं लागतं. मग जिल्ह्याच्या स्पर्धा, राज्य मानांकन, राज्य अजिंक्यपद, आंतरसंस्था, फेडरेशन कप आणि फिरून राष्ट्रीय. मध्ये कुठे चार दिवस मोकळे सापडलेच, तर त्यात घरच्यांनी लग्न, बारसं, मोतीबिंदूचं ऑपरेशन वगैरे बसवून घ्यावं. थोरल्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला गुरुजी पंचांग उघडून बसले, तेव्हा तात्या त्यांच्यासमोर स्पर्धेचं पत्रक उघडून बसले होते. मुहूर्त गोरज निघाला. उपांत्य फेरी सकाळची होती.

तात्या कॅरम खेळत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. ते बघतात. दादर, परळ, लालबाग, गिरगाव, कुठल्याही हॉलमध्ये चार बोर्ड मांडलेले दिसले की पहिल्या रांगेत हा गृहस्थ सापडतोच. कुठे त्याला आप्पा म्हणतात, कुठे भाई. आमच्या वाट्याला आले ते तात्या. पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त, पांढरा हाफ शर्ट, काळी पँट आणि पँटच्या मांडीवर कायमची बोरिक पावडर. न खेळणाऱ्या माणसाच्या मांडीवर पावडर कुठून येते, असं एकाने धीर करून विचारलं होतं. तात्या म्हणाले, "पुजाऱ्याच्या अंगाला उदबत्तीचा वास येतोच ना? तो काय स्वतःला ओवाळून घेतो?"

कॉटन ग्रीनहून दादरला जायचं म्हणजे जरा उपद्व्यापच. आमच्या हार्बर लाइनला दादर नाही. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली ती याच रुळांवरून, याचा आम्हाला काय तो अभिमान. पण रूळ टाकणाऱ्यांनी दादर वगळलं, हे तात्यांच्या मते ब्रिटिशांनी कॅरमविरुद्ध उचललेलं पहिलं पाऊल. म्हणून ते काळाचौकीतून चालत लालबागला येतात आणि तिथून बस. शिवाजी पार्क जिमखान्यात किंवा दादर-माटुंगा कल्चरल सेंटरमध्ये सामना असला की तात्या स्पर्धेच्या पाऊण तास आधी हजर. तोवर फक्त दिवे टांगणारा माणूस आलेला असतो. त्यालाही ते सांगतात, "शेड जरा खाली घे, सावली पडत्येय पॉकेटवर." आणि खरोखरच पडत असते.

सामना चालू असताना प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. हा नियम तात्यांसारख्या माणसाला अन्नपाणी तोडण्यासारखा. त्यांनी त्यातून वाट काढली आहे. जिभेने टाळ्यावर 'च्यक्' केलं की समजावं, कट बारीक लागला. नाकातून लांब श्वास सोडला तर डबल मारायला नको होता. घसा खाकरला की खेळाडूने सोपी सोंगटी सोडून अवघडच्या मागे लागून स्वतःचं वाटोळं केलं. आणि खुर्ची करकरली तर फाउल. पंचांच्या आधी करकरते. एका स्पर्धेत प्रमुख पंचांनी येऊन अदबीने सांगितलं, "तात्या, तुम्हाला काही म्हणत नाही, पण खुर्ची बदला."

त्यांचा खिसा चाचपला तर पास, रुमाल आणि एक स्ट्रायकर निघेल. हस्तिदंती रंगाचा. खेळाडूंना लागला तर असावा म्हणून. आजवर कुणालाही लागलेला नाही, कारण खेळाडू दुसऱ्याचा टूथब्रश वापरेल, स्ट्रायकर वापरणार नाही. पण तात्या तो दर पाडव्याला लालबागच्या सोनाराकडे नेऊन वजन करून आणतात. स्ट्रायकरचं वजन १५ ग्रॅमच्या वर चालत नाही आणि सोनाराच्या काट्यावर त्यांचा विश्वास आहे. पहिल्या वर्षी काकू मोठ्या आशेने बरोबर गेल्या होत्या. दुकानात गर्दी, जो तो वेढणी घेतोय, आणि आपला नवरा काट्यावर प्लॅस्टिकची चकती ठेवून "पॉइंट किती?" विचारतोय, हे पाहिल्यापासून त्या पाडव्याला माहेरी जातात.

आता तात्यांचा सिद्धांत. तो समजायला थोडा हिशेब लागतो. कॅरमचा एक सेट २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील त्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांएवढे गुण, आणि राणी कव्हर केली असेल तर वर ३. पण एकदा खेळाडू २२ वर पोचला की राणीचे ३ गुण त्याला बंद. राणी कुणीतरी घ्यावी लागतेच, तिची सरबराई करावी लागते, पदरात मात्र काही पडत नाही. म्हणजे २१ वर उभ्या असलेल्या माणसाने राणी घेतली आणि समोरच्याची एकच सोंगटी उरली, तरी ३ आणि १ मिळून तो २५ ला पोचतो. २२ वर असलेला मात्र तेवढंच करून २३ वर लटकतो.

"बाविसापेक्षा एकवीस बरे," तात्या म्हणतात. कॅरमच्या बोर्डावर हे एकदम बरोबर आहे. बिघाड एवढाच, की तात्यांनी ते बोर्डावरून उचलून आयुष्याला लावलं. हेडक्लार्कची बढती नाकारली: "वर गेलं की ओव्हरटाइम बंद. म्हणजे राणी घ्यायची आणि गुण नाहीत." तिसऱ्या मजल्याऐवजी दुसरा घेतला. मुलीला बावीस स्थळं आली होती, तात्यांनी एकविसाव्यालाच होकार दिला. (जावई चांगला निघाला, हे सिद्धांताच्या बाजूने नोंदवायला हवं.) साखर तपासणीत एकशे एकवीस आली तेव्हा डॉक्टर काही बोलायच्या आत तात्याच म्हणाले, "उत्तम!"

सिद्धांत डोळ्यांसमोर खरा ठरतो तेव्हा तात्यांकडे बघावं. असाच एक सामना. तिसरा सेट, धावफलक २१-२०, सातवा बोर्ड. पुढे असलेल्या पोराची एक पांढरी डाव्या पॉकेटच्या तोंडाशी आणि राणी समोरच्या फ्रेमला चिकटून. प्रतिस्पर्ध्याची एकच काळी शिल्लक, तीही पॉकेटच्या ओठावर. म्हणजे याची टर्न चुकली की त्याला राणी मारायचा मोका, आणि कव्हर तयारच. पोराने स्ट्रायकर बेसलाइनवर ठेवला, हलवला, परत ठेवला. तळहाताने पावडर पुसली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. फ्रेमला चिकटलेली राणी सरळ मारून येत नाही. ती समोरच्या फ्रेमवरून स्ट्रायकर उलटा आणून, बाजूने खरवडून काढावी लागते. त्याने अंगठ्याने मारलं. राणी फ्रेमच्या कडेने घरंगळत गेली, पॉकेटच्या तोंडाशी एक क्षण विचार केला आणि पडली. मग कव्हर. ते तर शाळेतल्या मुलानेही घातलं असतं. २५-२०. टाळ्या वाजल्या. तात्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मागे वळून सगळ्या रांगांकडे बघत होते. बढती नाकारल्याबद्दल हसलेल्या एकेका माणसाला ते त्या रांगांत शोधत असावेत.

तात्यांकडे वह्या आहेत. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येक मोसमाला एक. त्यात निकाल: २५-७, ९-२५, २५-२४. समोर व्हाइट स्लॅम असेल तर निळी चांदणी, ब्लॅक स्लॅमला लाल. (ब्रेक करणाऱ्याने पहिल्याच टर्नमध्ये आपल्या नऊही सोंगट्या राणीसकट संपवल्या तर व्हाइट, त्याची टर्न गेल्यावर दुसऱ्याने तेच केलं तर ब्लॅक.) घरातल्या घटना या वह्यांच्याच आधाराने लक्षात ठेवायच्या. "बारक्याचा जन्म कधीचा?" "दिल्लीला पहिलं विश्वअजिंक्यपद झालं, मारिया इरुदयम जिंकला, त्या साली. १९९१." "काकूंचं पथरीचं ऑपरेशन?" "इरुदयमला अर्जुन मिळाला ना, १९९६." प्रशांत मोरे २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला विश्वविजेता झाला त्या वर्षी छताची गळती काढली, आणि २०१८ मध्ये त्याने दक्षिण कोरियात वर्ल्ड कप जिंकला त्या वर्षी तीच गळती परत सुरू झाली. संदीप दिवे लंकावीला विश्वविजेता झाला ते २०२२. तेव्हा नळ बदलले.

आकड्यांचं हे वेड या मातीतलंच असावं. कॉटन ग्रीन म्हणजे कापसाची पेठ. गाठींची गोदामं आणि ती हिरवी कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत यायचे आणि सारी गिरणगावची वस्ती त्याच्या आकड्यावर पैसे लावायची. १९६१ साली तिकडून भाव यायचे थांबले आणि लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. तात्यांच्या वडिलांनी दोन्हीत पैसे घालवले. तात्या एक पैसा लावत नाहीत. ते चहा लावतात. "पहिला सेट पंचवीस-अकरा," असं सामन्याआधी हळूच शेजाऱ्याला सांगायचं. बरोबर आलं तर चहा शेजाऱ्याचा. चुकलं तर पहिला सेट खेळाडूने चुकीचा खेळला.

परवा त्यांच्या नातीने घोटाळा केला. तिने मोबाइलवर 'हिकारू नो गो' नावाची जपानी कार्टून मालिका पाहिली आणि तिला गो खेळायचं वेड लागलं. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या म्हटल्यावर तात्या उत्साहाने डोकावले. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा, ३६१ छेद, आणि पॉकेट एकही नाही.

"भोकं कुठायत?"

"भोकं नसतात आजोबा. सोंगटी छेदावर ठेवायची."

"आणि मारायची कधी?"

"मारायची नाही. ठेवली की हलवायची नाही. घेरायची."

तात्या थोडा वेळ बघत राहिले. "ही तर आपल्या सोसायटीची सभा आहे," म्हणाले. "जो जिथे बसला तिथून हलत नाही, आणि शेवटी मोजायचं कुणी किती जागा बळकावली."

पण मग नातीने जपानमधल्या गोच्या वर्षाचं वेळापत्रक दाखवलं आणि तात्या चष्मा पुसून बसले. कारण तिथे त्यांच्यासारखंच वर्ष होतं. जानेवारीत किसेई किताबाची लढत सुरू, सात डावांची, मार्चपर्यंत चालते. शरद ऋतूत मेईजिन. मध्ये होनिन्बो. किसेईचा एक डाव दोन दिवस चालतो, प्रत्येकाला विचार करायला आठ तास. पहिला दिवस संपताना ज्याची पाळी असेल तो आपली पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करतो, म्हणजे रात्रभर कुणाला फायदा नको.

"दोन दिवस!" तात्या म्हणाले. "आमच्याकडे दहाला वॉचमन किल्ली वाजवत येतो. आणि लिफाफा म्हणशील तर आमच्याकडेही असतो. बक्षिसाचा. त्यातही काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही."

त्यांना खरी जखम झाली ती पुढे. किसेई स्पर्धा भरवतं योमिउरी शिंबुन हे वर्तमानपत्र. मेईजिन भरवतं आसाही. होनिन्बो माइनिची. किसेई जिंकणाऱ्याला चार कोटी येनच्या वर मिळतात, म्हणजे आपले दोन कोटींहून जास्त. आणि डाव त्या पेपरात चालीसकट छापला जातो. इथे मुंबई अजिंक्यपदाचा निकाल क्रीडापानाच्या तळाशी, पुस्तक प्रकाशनाच्या बातमीखाली, चार ओळींत येतो. त्यातलीही शेवटची ओळ जागेअभावी कापलेली, आणि नेमकी त्याच ओळीत व्हाइट स्लॅमची नोंद असते. तात्या संपादकांना पत्रं लिहितात. अजून एकही छापून आलेलं नाही, जागेअभावीच असणार. नातीने भर घातली, की कावाबाता नावाच्या लेखकाने १९३८ साली गोच्या एकाच डावाचं वर्तमानपत्रासाठी वार्तांकन केलं होतं, डाव जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरात संपला, त्यावर त्याने पुढे कादंबरी लिहिली आणि १९६८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. नोबेल काही त्या एका कादंबरीसाठी नव्हतं, हे सांगायला तिने तोंड उघडलं होतं, पण तात्या तोवर गॅलरीत जाऊन खालच्या क्रीडा वार्ताहराच्या नावाने बोलायला लागले होते. "एका डावावर नोबेल! आणि हा उपांत्य फेरीला आला नाही, पाऊस होता म्हणे!"

त्या रात्री त्यांना झोप लागली ती एका गोष्टीमुळे. नात म्हणाली की २०१६ च्या मार्चमध्ये सोलला अल्फागो नावाच्या संगणकाने कोरियाच्या ली सेडोलला ४-१ हरवलं. हा गडी अठरा वेळा जागतिक किताब जिंकलेला. २०१९ मध्ये त्याने खेळ सोडला, म्हणाला, हे मशीन हरवता यायचं नाही. तात्या हळहळले. मग उजळले. "मशीनला बोट आहे का?" म्हणाले. "जुलै महिन्यात ये म्हणावं काळाचौकीला."

याला आधार आहे. पावसाळ्यात मंडळाच्या खोलीतला बोर्ड दमट होतो, पावडरीच्या गुठळ्या बसतात, आणि कालपर्यंत चार वेळा फ्रेमला आपटून परतणारा स्ट्रायकर मध्येच थांबतो. मग बोर्डवर बल्ब खाली ओढून अर्धा तास तापवायचा, मलमलीच्या फडक्याने पावडर झटकायची, परत टाकायची. एकाच बोर्डाची डावी बाजू धावते, उजवी लंगडते. हे हातालाच कळतं. तात्या म्हणतात, सिलिकॉन व्हॅलीवाल्यांनी आधी या खोलीत एक पावसाळा काढावा, मग जगज्जेतेपदाच्या गोष्टी कराव्यात. तिथे छत्र्यांचं पाणीही बोर्डावर पडतं, पण ते नियमावलीत नाही.

गो खेळणाऱ्या जपान्यांना सरळ 'व्यावसायिक' म्हणतात, एकपासून नऊ दानपर्यंत दर्जा, निहोन किइन ही १९२४ साली स्थापन झालेली त्यांची संस्था. आमचा कॅरमवाला व्यावसायिक नसतो, तो नोकरीत असतो. पेपरात त्याच्या नावापुढे कंसात त्याची कंपनी येते: प्रशांत मोरे (रिझर्व्ह बँक), रश्मी कुमारी (ओएनजीसी), एस. अपूर्वा (एलआयसी). तात्यांच्या डोक्यात या कंसांमुळे देशाची अर्थव्यवस्था वेगळीच बसली आहे. रिझर्व्ह बँक रेपो रेटबद्दल काय करते ते त्यांना ठाऊक नाही. तिची एकेरी मजबूत आहे, एवढं पक्कं. जैन इरिगेशन म्हणजे ठिबक सिंचन हे त्यांना जळगावच्या व्याह्यांकडून कळलं. तोवर ते त्यांच्या दृष्टीने कॅरमच्या संघाचं नाव होतं. चेन्नईच्या रिक्षाचालकाची सतरा वर्षांची पोर, एम. काझिमा, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन आली, तेव्हा तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कंसात काय आहे?" कंस रिकामा होता. तात्या अस्वस्थ झाले. "अरे, कुणीतरी घ्या तिला. बँका काय झोपल्यात?"

आणि काकू? ज्यांना सगळी मंडळी 'बिचाऱ्या' म्हणतात, त्या काकूंचा गणपतीतल्या महिलांच्या कॅरम स्पर्धेत दोन वेळा पहिला नंबर आलेला आहे. थंब शॉट असा, की समोरची बाई चहा प्यायला उठून गेली तर परत येईपर्यंत बोर्ड साफ. तात्यांनी ती स्पर्धा कधी पाहिली नाही. दोन्ही वेळा त्याच दिवशी दादरला काहीतरी होतं. वहीत नोंदही नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त नव्हती, असं तात्यांचं म्हणणं. काकूंची स्टीलची परात आणि कुकर मात्र शोकेसमध्ये, तात्यांच्या वह्यांच्या बरोबर वर ठेवलेत. परातीवर पेंटने लिहिलंय: प्रथम क्रमांक, महिला एकेरी. त्या पीठ दुसऱ्या परातीत मळतात.

हल्ली आमच्या अभ्युदय नगरच्या पुनर्विकासाचा विषय सुरू आहे. बाकीचे रहिवासी कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं याबद्दल भांडतात. तात्या प्रत्येक सभेत आराखड्याची प्रत मागून घेतात आणि पट्टीने बोर्ड मोजतात. ७४ सेंटिमीटरचा खेळायचा चौरस, त्याभोवती फ्रेम, चारही बाजूंना खुर्ची आणि कोपर मागे घ्यायला जागा. नव्या घराच्या हॉलमध्ये एकच बोर्ड बसतो, हे त्यांनी भर सभेत सांगितलं तेव्हा बिल्डरच्या माणसाने क्लब हाउस, जिम, स्विमिंग पूल, सीनियर सिटिझन झोन अशी यादी वाचली. तात्यांनी विचारलं, "क्लब हाउसमध्ये छताला हूक आहेत का?" तो माणूस गोंधळला. "बल्ब कुठे टांगणार?" तात्या म्हणाले. बिल्डरच्या माणसाने लिहून घेतलं. पुढच्या सभेला तो बदलला होता.

तुम्हाला कधी सामना बघायला जायचं झालं तर जरूर जा. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, पंखा असतो आणि दुपारच्या फेरीत जागा हमखास मिळते. मोबाइल बंद ठेवा. पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर रुमाल दिसला तर त्या खुर्चीवर बसू नका. आणि शेजारच्या गृहस्थाने हळूच सेटचा आकडा सांगितला तर हो म्हणा, चहा दहा रुपयांचाच असतो.